तू ओढून ठेवलेला हँडब्रेक

ताई,

तुझे कपाट मी अजून उघडलेले नाही. तुझ्या मुक्ताने दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा मी चहा टाकायला उठले. तुझ्या गाडीची मागची चाके मात्र उघडावी लागली. त्यांच्या आत जे सापडले ते तुला कळवणे मला आवश्यक वाटते. दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही, कारण भांडण तुझ्याशी आहे.

प्रथम वस्तुस्थिती मांडते. भाद्रपदातल्या त्या दुपारी तू एस्प्लनेडला बँकेतल्या जुन्या मैत्रिणींना भेटून परतलीस तेव्हा श्यामबाजारपासून बागबाजारातल्या आपल्या गल्लीपर्यंत पोटरीभर पाणी होते. तू गाडी त्यातून हळूहळू आणलीस, फाटकाच्या आत लावलीस आणि नेहमीप्रमाणे हँडब्रेक ओढलास. फाटक धरून मी बाहेर उभी होते. त्याचे सात टक् मला स्पष्ट ऐकू आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या छातीत दुखू लागले आणि आपण टॅक्सीने रुग्णालयात गेलो. पायरी उतरताना तू म्हणालीस, "चार दिवसांत येते. तोवर माझ्या गाडीला हात लावू नकोस."

त्या चार दिवसांचे दोन महिने झाले. दुर्गापूजा रुग्णालयातल्या तुझ्या खोलीच्या खिडकीतून ऐकली. कालीपूजेला आठ दिवस राहिले असताना तू गेलीस.

हँडब्रेकवरून आपला वाद गाडी घरात आल्यापासूनचा, म्हणजे पंचवीस वर्षांचा. माझी बाजू पुन्हा एकदा सांगते; या वेळी तू मध्ये बोलणार नाहीस. मागच्या चाकात लोखंडाचा एक खोलगट डबा असतो, तो ड्रम. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन पट्ट्या असतात, त्यांना शू म्हणतात. हँडब्रेक ओढला की शू फाकतात आणि ड्रमला आतून घट्ट चिकटून बसतात. ड्रम ओला असेल, हवा कोलकात्याची असेल आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, तर गंज त्या दोघांना एकजीव करतो. म्हणून जास्त दिवस उभी करायची गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाला वीट लावावी आणि हँडब्रेक सोडून द्यावा. यावर तुझे उत्तर पंचवीस वर्षे एकच होते. "हँडब्रेक न ओढता गाडी सोडायची म्हणजे दार सताड उघडं टाकून बाजारात जायचं. तुझं विज्ञान तुझ्या वर्गात शिकव." मी मुलींना पदार्थविज्ञान शिकवत होते आणि तू गाडी चालवत होतीस, त्यामुळे निकाल नेहमी तुझ्या बाजूने लागला.

तू गेल्यावर पंधरा दिवसांनी मुक्ता न्यू टाउनहून आली ती कागदांचा गठ्ठा घेऊनच. गाडीची पंचवीस वर्षे पूर्ण होत होती. नोंदणी वाढवायची तर तपासणीत पास व्हायला हवे, आणि तपासणीला अकरा दिवस उरले होते. मुलीने मोठ्या समजूतदारपणे सांगितले की गाडी भंगारात देऊन टाकावी. "मावशी, तू चालवत नाही. मला ऑफिसची कॅब येते. गाडी कोणासाठी ठेवायची? तू उगाच टेन्शन घेते." तिचे मराठी तुला माहीतच आहे; मी सुधारले नाही, कारण ती बोलताना ताटाकडे पाहत होती. मी तिच्याकडून अकरा दिवस मागून घेतले. गाडी स्वतःच्या चाकांवर जाऊन पास झाली तर राहील, नाही तर ती म्हणेल तसे.

ती निघून गेल्यावर मी किल्ली घेऊन गाडीत बसले, तुझ्या जागेवर. बटण दाबून लिव्हर खाली सोडला. तो मुकाट्याने खाली गेला. नंतर मी आणि शेजारचे दोघे मिळून गाडी ढकलली. ती तसूभरही हलली नाही. लिव्हरने तुझा हात सोडला होता, चाकांनी सोडला नव्हता.

नोनीदांना बोलावले. गल्लीच्या तोंडावरचे त्यांचे गॅरेज आता पुतण्या पाहतो, पण तुझी गाडी म्हटल्यावर ते स्वतः आले. गाडीभोवती एक फेरी मारून ते बंगालीत म्हणाले, "बडदी गेल्या, पण गाडी बांधून ठेवून गेल्या." तू त्यांची बडदी, थोरली बहीण, मी मात्र चाळीस वर्षे दिदिमणीच, म्हणजे शाळेतल्या बाई. मग त्यांनी त्यांचा ठेवणीतला विनोदही केला. मराठे येऊ नयेत म्हणून या शहराने एके काळी खंदक खणला, आणि तुम्ही दोघी बरोबर त्याच्या तोंडावर येऊन राहिलात. आता गाडीसुद्धा हलायला तयार नाही. त्यावर मोठ्याने हसायचे काम तुझे होते. ते मी केले, आणि बरे वाटले.

काम मी माझ्या पद्धतीने करून घेतले. पुढच्या चाकांना विटा, मागे जॅक, जॅकच्या जोडीला लोखंडी घोडी. कारण निव्वळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही हात घालू नये. गंजावर तेल सोडून एक रात्र थांबलो. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत दोन बोल्ट फिरवायचे, आळीपाळीने, प्रत्येकी अर्धा फेरा. म्हणजे ड्रम तिरका न होता सरळ बाहेर येतो. नोनीदांना हातोडा हवा होता. मी अर्धे फेरे मोजत होते. चौदाव्या अर्ध्या फेऱ्याला उजवा ड्रम कण्हल्यासारखा आवाज करून सुटला. आत पाहिले तर शूवरचे लायनिंग, म्हणजे ड्रमला घासणारा थर, शूवर नव्हतेच. ते ड्रमला चिकटून राहिले होते आणि शूचे उघडे लोखंड मागे उरले होते. इतका घट्ट धरून ठेवला होतास. आतली काळी भुकटी मी फुंकू दिली नाही, ओल्या फडक्याने टिपून घेतली. ती छातीत जाणे बरे नव्हे.

आता माझा नियम ऐक. तो तुला पाठ आहे आणि तू त्याची नक्कल करून मुक्ताला हसवायचीस. एका वेळी एकच बाजू उघडावी; दुसरी तशीच ठेवावी. स्प्रिंग कोणती कुठे बसते हे विसरले तर दुसरी बाजू उघडून पाहावी. न उघडलेली बाजू ही आपली उत्तरपत्रिका. त्याप्रमाणे मी डाव्या चाकाला हात लावू दिला नाही. उजवीकडचा जुना शू आलेख कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढली, पिनेच्या भोकाची जागा खुणेने नोंदली, प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर कपाटातून काढून ड्रमचा व्यास आणि शूची रुंदी घेतली. हे कपाट माझे, तुझे नव्हे.

एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीतल्या सुट्या भागांच्या दुकानदाराने गाडीचे साल विचारले. मी म्हटले, साल विचारू नका, हा कागद पाहा. जुन्या गाड्यांच्या बाबतीत साल फसवे असते. एकाच मॉडेलला मधल्या काळात दोन निरनिराळ्या बनावटींचे ब्रेक बसवलेले असतात, बाहेरून सारखे आणि आतून वेगळे. तो कंटाळून तीन डबे पुढे ठेवून निघून गेला. मी एकेक शू कागदावर ठेवून पाहिला. पहिल्या डब्यातला रुंदीला जास्त होता. दुसऱ्यात पिनेचे भोक चार मिलिमीटर खाली होते. तिसरा रेषेवर रेष जुळला. दोन्ही चाकांचे म्हणून चार शू घेतले, कारण ब्रेक नेहमी जोडीनेच बदलावेत. हा तुझ्या-माझ्यातला दुसरा वाद. तू म्हणायचीस, बिघडलेल्या बाजूचीच दुरुस्ती करावी, चांगल्या बाजूला शिक्षा कशाला?

उजवी बाजू दुपारपर्यंत बसली. मी समाधानाने डावा ड्रम उघडायला सांगितले. नोनीदा एकाएकी पान आणायला निघाले. पान खाणारा माणूस पान आणायला गेला यात मला संशय घेण्यासारखे काही दिसले नाही.

ड्रम पुतण्याने काढला. नवा शू डावीकडे बसेना. भोक जुळेना, स्प्रिंग पुरेना. मी कॅलिपर लावला, पुन्हा लावला. माझी उत्तरपत्रिका वेगळ्याच प्रश्नपत्रिकेची होती. शू वेगळ्या बनावटीचे, दाबाचा छोटा सिलिंडर वेगळ्या मापाचा, आणि ज्या पत्र्याच्या ताटलीवर हे सारे बसते, जिला कारागीर बॅकप्लेट म्हणतात, तीही वेगळीच. डाव्या चाकाचा अख्खा ब्रेक दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा होता. पंचवीस वर्षांच्या गाडीत एका आसाला दोन प्रकारचे ब्रेक, आणि मला त्याचा पत्ता नाही.

नोनीदा परत आले तेव्हा मी काही न विचारता त्यांच्याकडे पाहत राहिले. वर्गात हा उपाय कधी चुकला नाही. ते पान चघळायचे थांबले.

"बडदींनी शपथ घातली होती."

मग सगळे सांगितले. चार वर्षांपूर्वी मुक्ताची पहिली मुलाखत होती. न्यू टाउनला सकाळी नऊला पोहोचायचे होते आणि आईनेच सोडायचे असे लेकीला कबूल केले होते. आदल्या दुपारी डाव्या चाकाचा सिलिंडर गळू लागला. जुन्या बनावटीचा तेवढ्या वेळात कुठे मिळेना. तेव्हा नोनीदांनी गॅरेजमागे पडलेल्या, त्यानंतरच्या मॉडेलच्या एका गाडीची अख्खी बॅकप्लेट काढून बसवली. ती बसली, ब्रेक लागू लागला. आणि तू म्हणालीस, "दिदिमणीला कळू देऊ नका. ती मुलाखतीच्या सकाळी दोन्ही चाकं उघडायला लावेल."

लावली असती, ताई. निश्चित लावली असती.

आता त्या चार वर्षांचा हिशेब तूच लाव. मी शेजारी बसून किती वेळा म्हटले की ब्रेक मारताना गाडी किंचित डावीकडे जाते, तुझा हात ढिला आहे. तू अत्यंत शांतपणे सांगितलेस की रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी गटारात जावे म्हणून; गाडी उताराकडे जाणारच. मी विचार केला आणि मला ते पटले. एवढेच नाही, निवृत्तीच्या आधीच्या वर्षी उतरत्या पृष्ठभागाचे उदाहरण म्हणून आठवीच्या वर्गात मी ते आकृतीसह शिकवले. चाळीस मुलींनी वहीत उतरवून घेतले. त्यांच्यापैकी काही आता अभियंत्या होतील. मी फळ्यावर तुझी थाप काढत होते आणि तू घरी बसून वांग्याची भाजी परतत होतीस.

नोनीदा माझ्या रागाची वाट पाहत होते. राग आला नाही. मी ड्रमशेजारच्या वेताच्या बुटक्या मोड्यावर बसून इतकी हसले की पुतण्या पाणी घेऊन आला. तुला जाऊन त्या दिवशी वीस दिवस झाले होते.

पण तपासणी हसण्यावारी जाणार नव्हती. दोन बनावटींचे ब्रेक सारख्या ताकदीने लागत नाहीत, आणि तिथे गाडी सरळ थांबते का हेच पाहतात. नवी गाडी विकणाऱ्याकडे या वयाची बॅकप्लेट मिळत नाही. सहा दिवस उरले होते. कागद, कॅलिपर आणि उजव्या बॅकप्लेटची आकृती घेऊन मी मल्लिकबाजारला गेले, जिथे मोडलेल्या गाड्यांचे अवयव रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेले असतात. आकृती आरशात पाहिल्यासारखी उलटी काढली होती, कारण मला डावी हवी होती. दोन दिवस मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी एका वृद्ध दुकानदाराने ढिगातून नऊ ताटल्या काढून फूटपाथवर मांडल्या आणि मी एकेक कागदावर ठेवून तपासू लागले. तो खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसला. सातवी जुळली. तो हिंदीत म्हणाला, "बहनजी, एवढं पाहून तर लोक सोयरीकसुद्धा करत नाहीत." मी त्याला सांगितले की पत्र्याची ताटली जुनी चालते, गंजून कुजलेली नसली म्हणजे झाले, शू आणि सिलिंडर मात्र कधीही वापरलेले घेऊ नयेत. त्याने मान डोलावली. हे त्याला माझ्या जन्माआधीपासून ठाऊक असणार.

तू माझ्यापासून एक गोष्ट लपवलीस ती मला कळली, तेव्हा माझीही एक सांगून टाकते. ते दोन महिने मी रोज गाडीजवळून जात होते. सकाळी डबा घेऊन, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. ड्रम ओले आहेत, ब्रेक ओढलेला आहे आणि आत काय चालले असेल हे मला पाठ होते. मी ते पंचवीस वर्षे शिकवत आले आहे. दार उघडून लिव्हर खाली करायला अर्धे मिनिटसुद्धा लागले नसते. तू हात लावू नकोस म्हणालीस हे कारण मी स्वतःला दिले. ते खरे नाही. तुझी आज्ञा मी एरवी कुठे पाळत होते? चार दिवसांसाठी ठेवलेल्या गाडीचा हँडब्रेक कोणी सोडत नाही. सोडायचा तो जास्त दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीचा, असे मीच सांगत आले. तो सोडला असता तर तू चार दिवसांत येणार नाहीस हे मी मान्य केल्यासारखे झाले असते. म्हणून माझ्या डोळ्यांदेखत मी तो गंजू दिला. हे मुक्ताला सांगितलेले नाही.

तपासणीच्या आदल्या रविवारी मुक्ता आली. नव्या सिलिंडरसह दोन्ही बाजू जुळवून बसल्या होत्या. ब्रेकच्या तेलाच्या नळीतली हवा काढायची राहिली होती. त्याला दोन माणसे लागतात, एक पायाशी आणि एक चाकाशी. आजवर पाय तुझा आणि चाक माझे. मुक्ता तुझ्या जागेवर बसली, सीट मागेपुढे न करता. मी चाकामागे खाली बसले, हातात पाना, आणि ओरडले.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय, मावशी."

नळीतून बुडबुडे आले. मी बोल्ट आवळला आणि म्हटले, "सोड." पहिल्या दोन वेळा तिने माझ्या आधीच सोडले. तूही शेवटपर्यंत आधीच सोडायचीस. तिसऱ्या खेपेपासून मात्र ती बरोबर चालू लागली. बुडबुडे संपले, तेल सलग वाहू लागले, तरी मी आणखी तीनदा दाब-धर-सोड म्हणत राहिले. आवश्यकता नव्हती. ती वरून विचारू लागली, "आई पण असंच करायची?" मी म्हटले, तुझी आई पाय दाबून धरायची आणि तेवढ्या वेळात माझी चूक काढायची. तिने दारातून मागे वाकून पाहिले. मग म्हणाली, "तुझा रिंगपाना खाली पडलाय, तेलात." खरेच पडला होता.

मुलाखतीचे तिला तेव्हाच सांगितले. डोळे पुसत हसली ती हुबेहूब तुझ्यासारखी, आवाज न करता, खांदे हलवत.

तपासणीला गाडी तिनेच नेली, मी शेजारी. अधिकाऱ्याने वेग घ्यायला लावला आणि हात वर करून थांबायची खूण केली. तिने ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली, ताई. डावीकडे बोटभरही नाही. रस्ता कडेला उतरता होता. मी मुद्दाम पाहिले.

गाडी पास झाली. घरी परतताना मुक्ता म्हणाली की दर रविवारी ती येईल आणि गाडी फिरवेल. उभी राहिली तर पुन्हा बिघडेल. पुढच्या वेळी तुझे कपाट उघडू असेही म्हणाली. मी हो म्हटले. फाटकाशी मी आधी उतरले, दोन्ही फळ्या उघडल्या आणि धरून उभी राहिले. भिंतीशी माझ्या दोन विटा तयार होत्या. तिने गाडी आत घेतली, इंजिन बंद केले आणि सवयीने, तुझ्याच सवयीने, हँडब्रेक ओढला.

मी मोजले. नवे शू आहेत, जवळून आवळलेले. आता चारच टक् होतात.

विटा मी जिथल्या तिथे राहू दिल्या.